कॅप्टनची बहीण

"चूप! दोर बोलून राहिला."

उजव्या हाताचा पंजा हवेत, डावा हात कानावर आणि नजर टीव्हीवर खिळलेली. काकूंची ही मुद्रा ज्यांनी पाहिली आहे, ते सिनेमा चालू असताना पुन्हा कधी तोंड उघडणार नाहीत. मी तर चिवडासुद्धा खात नाही. खाल्लाच तर आधी तोंडात भिजवून घेतो.

काकू म्हणजे माझ्या खालच्या फ्लॅटमधल्या मंगेशची आई. राहणार नागपूर. मंगेश आणि मी बॉल्सब्रिजला एकाच ऑफिसात, राहायला दोघंही डून लेरी या आयरिश बंदराच्या गावात, त्यामुळे सकाळची डार्ट लोकल एकच आणि संध्याकाळचा वैतागही एकच. दरवर्षी गणपती आटोपले की काकू यायच्या आणि व्हिसाचे तीन महिने संपत आले की परत जायच्या. पहिल्यांदा आल्या ते २०१५ साल. स्टेशनवरच्या पाटीवर गावाचं नाव त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं, मंगेशला त्याचा उच्चार विचारला आणि म्हणाल्या, "मग बाकीची अक्षरं कशाला वाया घालवली?"

काकू नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या जमान्यापासून निवृत्तीपर्यंत. डावा हात कानावर जायचा तो त्या हेडफोनच्या सवयीने. त्यांचं इंग्रजीही तिथलंच. एवढ्या वर्षांत जी वाक्यं लागली तेवढीच त्यांना येत, पण ती अशी खणखणीत, की समोरच्याला वाटावं बाई लंडनला शिकल्या. दुकानात रांग असली की "यू आर इन क्यू, प्लीज होल्ड." बेल वाजवून कोणी दार उघडलं नाही की "नो रिप्लाय." आणि एखादा म्हातारा रस्त्यात हवापाण्यावर फार वेळ बोलत बसला की त्या घड्याळ न बघता सांगत, "थ्री मिनिट्स ओव्हर. एक्स्टेंड?" म्हातारे खूश होऊन एक्स्टेंड करत.

दुपारी घरात त्या एकट्या. मुलगा-सून ऑफिसात, नात पाळणाघरात. दुपारच्या टीव्हीवर इथे जुने युद्धपट लावायची पद्धत आहे. बहुधा ते पाहणाऱ्यांना दुपारी झोप लागावी म्हणून. काकूंना झोप लागली नाही. त्यांना तो सिनेमा लागला.

त्याचं नाव मी सांगत नाही, कारण काकूंनीही ते कधी घेतलं नाही. त्यांच्या लेखी तो 'दोराचा पिक्चर'. इंग्रजांनी ऐन महायुद्धात काढलेला, काळापांढरा, दीड तासाचा. गोष्ट अगदी साधी. धान्य घेऊन येणारं एक मोठं जहाज समुद्रात जायबंदी होऊन पडलेलं असतं. त्याला ओढून आणायला एक छोटी टगबोट निघते. तिचा कॅप्टन मितभाषी, दाढी वाढलेला. दोर बांधतात, वादळ येतं, आणि उरलेला सगळा सिनेमा दोर तुटणार की नाही यावर. मध्ये एकदाच बंदराच्या ऑफिसातून वायरलेसवर एक बाई कॅप्टनशी बोलते. आजूबाजूला अधिकारी, कारकून, खलाशी असे सगळे उभे. ती विचारते, "जेवलास का?" तो म्हणतो, "हो." तो जेवलेला नसतो, आपण मघाशीच त्याचं ताट समुद्रात उडालेलं पाहिलेलं असतं. ती "बरं" म्हणते आणि यंत्र खाली ठेवते. बस. नंतर ती बाई थेट शेवटी, धक्क्यावर उभी दिसते.

मला विचाराल तर सिनेमा खरोखरच मोठा आहे. संगीत जवळजवळ नाही. भाषणबाजी नाही. देश, झेंडा, विजय यातला एकही शब्द कोणी काढत नाही. पण मी हे शहाण्यासारखं काकूंना सांगायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "ते जाऊ दे पुणेकर, तू जर्मन पाहिला का त्यात?"

आठवून पाहिलं. खरंच, साऱ्या युद्धपटात एकही जर्मन नव्हता.

"दाखवायची गरजच नाही. सासूबाई गावाला गेल्या तरी घरात असतातच ना? सगळे कसे दबून वागून राहिले, त्यावरून समजते."

एवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांचा शिष्य झालो. अभिनयाबद्दलही त्यांचं मत ठाम होतं. कॅप्टन बरा, स्वयंपाकी जास्त करतो, पण सिनेमा खाल्ला आहे तो दोराने. "बाकीच्यांना माहीत आहे कॅमेरा आहे म्हणून. दोराला माहीत नाही."

मतभेद होता तो एकाच मुद्द्यावर. वायरलेसवर बोलणारी बाई कोण? जगातल्या कुठल्याही माणसाने तो सिनेमा पाहिला तर तो म्हणेल, कॅप्टनची बायको. काकू म्हणायच्या, बहीण.

"बायको असती तर पुढं विचारलं असतं, काय जेवला? हिने विचारलं नाही. बरं म्हणाली. बहीणच ती. मी जन्मभर लोकांचे फोन जोडले बाप्पा, मला सांगू नको."

मंगेश म्हणाला, "आई, तू लोकांचे फोन ऐकायचीस?"

"लाइन क्लिअर आहे का ते पाहावं लागे," काकू म्हणाल्या आणि पुन्हा कानावर हात ठेवला.

आता चेअरमनला आत आणायला हवा. आमच्या गावात चर्चच्या मागच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा एक फिल्म क्लब होता. रविवारी दुपारी सिनेमा, मग चहा-बिस्किटं आणि चर्चा. चेअरमन ऐंशीच्या घरातला, उंच, वाकलेला, काठी टेकत चालणारा. इथून पलीकडे वेल्सला जाणाऱ्या बोटींवर त्याने सारी नोकरी केली होती, खलाशी म्हणून. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या बोटीही नुकत्याच बंद पडल्या होत्या. तो दर ऑक्टोबरात क्लबमध्ये एक सिनेमा दाखवायचाच, कोणी कितीही कुरकुर केली तरी. कुठला, ते तुम्ही ओळखलं असेल.

हॉलच्या दारावरचा फोटो काकूंनी फिरायला जाताना पाहिला. दोर ओळखला. त्या रविवारी मी त्यांना घेऊन गेलो, कारण मंगेशला आईबरोबर सिनेमाला जाण्याचा अनुभव होता.

चेअरमनने सुरुवातीला दोन शब्द सांगितले. हा सिनेमा इंग्रजांच्या युद्धाचा आहे, आपला देश तेव्हा तटस्थ होता, आपण त्या काळाला युद्ध म्हणतच नव्हतो, 'इमर्जन्सी' म्हणत होतो. मी काकूंच्या कानात कुजबुजलो, "ते म्हणतायत, त्या काळाला इथे आणीबाणी म्हणायचे."

काकू ताठ बसल्या. "इथेही? बाई कोण होती इथली?"

सिनेमा सुरू झाला. वादळ आलं. मागच्या रांगेत कोणी तरी गोळीचा कागद सोडला आणि काकूंचा पंजा वर गेला. "चूप!" सगळा हॉल चूप. भाषा कुणाला कळली नाही, हुकूम कळला. मला वाटतं त्याच क्षणी चेअरमनने मान वळवून पाहिलं. इतकी वर्षं तो सिनेमा दाखवत होता, पण दोराचा आवाज ऐकणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

ही मैत्री चहाच्या कपापर्यंतच टिकली. चेअरमन कौतुकाने काकूंजवळ आला आणि कॅप्टनकडे बोट दाखवावं तसं पडद्याकडे बोट करून म्हणाला, "युवर मॅन वॉज मॅरिड टू अ सेंट." इथे कोणाचंही बोलणं निघालं की त्याला 'युवर मॅन' म्हणतात, अर्थ एवढाच, की 'तो बाबा'. काकूंना फक्त 'तुमचा माणूस' एवढं कळलं.

"माझा माणूस? माझा माणूस कशाला असेल? हा काय बोलून राहिला?"

मी घाईघाईने समजावलं की बोलण्याची पद्धत आहे, तो म्हणतोय कॅप्टनची बायको देवमाणूस होती.

"बायको?" काकूंनी कप खाली ठेवला. "नो नो. राँग नंबर. सिस्टर."

चेअरमन हसला. मग काकू हसत नाहीत हे पाहून त्याचं हसणं हळूहळू मावळलं.

पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, काकू विमानातून उतरल्या त्या तयारीनेच. क्लबने त्यांना सिनेमानंतर रसग्रहण करायला बोलावलं होतं. म्हणजे खरं तर चेअरमननेच बोलावलं होतं, सर्वांसमोर एकदाचं निकालात काढायला. मला दुभाषा नेमलं गेलं. काकूंनी करवती काठाची टसरची साडी नेसली, वर मंगेशच्या कंपनीचं रेनजॅकेट चढवलं, पायात धावायचे बूट. त्या उभ्या राहिल्या, डावा हात कानावर नेला आणि म्हणाल्या, "हॅलो, नागपूर ट्रंक्स."

"हॅलो," हॉल म्हणाला.

पहिली दहा मिनिटं फार सुंदर गेली. काकूंनी न दाखवलेल्या जर्मनांबद्दल सांगितलं. सासूबाईंचा दाखला मी इंग्रजीत आणला तेव्हा बायकांच्या रांगेतून असा हशा उठला की विणकामाच्या सुया खाली पडल्या. मग काकू बहिणीवर आल्या, आणि चेअरमनकडे हात करून एक शब्द बोलल्या. "भैताड." नागपुरात मूर्खाला म्हणतात.

मी म्हणालो, "या बाबतीत चेअरमनसाहेबांचं मत थोडं वेगळं आहे, आणि काकूंना त्याबद्दल आदर आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "एवढं मोठं कशाला बोलला? मी एकच शब्द बोलले."

"इंग्रजीत जरा लांब होतं, काकू."

"खोटं सांगून राहिला. कापून टाकीन लाइन."

चेअरमन उठला. त्याचं म्हणणं, नवरा-बायकोच असं बोलतात. ज्यांना सगळं माहीत असतं ते जास्त विचारत नाहीत. काकूंचं म्हणणं, ज्यांना सगळं माहीत असतं तेच जास्त विचारतात. कोणी तरी सुचवलं, मत घ्या. बायको म्हणणाऱ्यांचे हात वर झाले, मग बहीण म्हणणाऱ्यांचे. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थाने दोन्ही वेळा हात खालीच ठेवला. "या युद्धात आपण तटस्थ होतो," तो म्हणाला, "आणि मी तटस्थच राहणार."

बहीण जिंकली. विणकामाच्या रांगेने एकगठ्ठा मत दिलं होतं.

चेअरमनचे कान लाल झाले. त्याने सिनेमा पुन्हा लावला, पळवत पळवत शेवटाला नेला आणि जिथे नटांची नावं येतात तिथे थांबवला. मग काठीने पडद्यावर ठोकलं. तिथे स्वच्छ छापलं होतं: कॅप्टनची पत्नी. पुढे नटीचं नाव.

आता काकूंना काय सांगायचं? पण त्यांना ते वाचता आलं होतं.

"टायपिस्टची चूक आहे," काकू म्हणाल्या. "आमच्या ऑफिसातही व्हायची."

मी भाषांतर केलं. मला वाटलं, लोक हसतील. पण विणकाम करणाऱ्या एका आजी गंभीरपणे म्हणाल्या, "शक्य आहे. माझ्या जन्मदाखल्यावर मी मुलगा आहे." शेजारची म्हणाली, तिच्या नवऱ्याच्या थडग्यावर आडनावच चुकलंय, पण दगड महाग म्हणून तसंच ठेवलं. पाच मिनिटांत सगळ्या हॉलचं एकमत झालं की छापलेल्या मजकुरावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. चेअरमन प्रोजेक्टर बंद न करताच निघून गेला आणि 'कॅप्टनची पत्नी' बराच वेळ भिंतीवर तशीच राहिली.

मला वाटलं, संपलं. पण तिसऱ्या दिवशी तो मंगेशच्या दारात हजर. नवीन मुद्दा घेऊन. बाईच्या हातात अंगठी दिसते. काकूंनी त्याला आत घेतलं, पुडाची तिखटजाळ वडी खायला दिली आणि सांगितलं की अंगठी आहे, पण तिच्या नवऱ्याची. कॅप्टन तिचा भाऊ. वडी खाऊन चेअरमनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "ग्रँड," तो म्हणाला आणि दुसरी घेतली.

त्यानंतर रोज दुपारी दोघं बंदराच्या लांब धक्क्यावर फिरायला जाऊ लागले. धक्का संपेपर्यंत जायचं, दिव्याला वळसा घालून परत. कधी घरून काम करत असलो की मला ती दोघं खिडकीतून दिसायची. तो इंग्रजीत, त्या मराठीत, मध्ये मध्ये एक्स्चेंजचं इंग्रजी. वाऱ्याने जॅकेट फुगलेलं, काठी हवेत, पंजा हवेत. दुभाष्याची गरज नव्हती. एवढं भांडण मी माझ्या भाषेतही कुणाशी करू शकलो नसतो.

एकदा चेअरमनने मला एकट्याला गाठलं. मुद्दाम नव्हे, स्टेशनवर गाडी उशिरा होती. म्हणाला, त्याची बोट लागायची तेव्हा त्याची बायको धक्क्यावर उभी असायची. पाऊस असो, काहीही असो. आणि रोज विचारायची, खाल्लंस का. बोटीवर त्याला अन्न जात नसे, सगळी नोकरी त्याला समुद्र लागत होता, खलाशी असून. ही गोष्ट त्याने तिला कधी सांगितली नाही. रोज "हो" म्हणायचा. "आणि ती कधी पुढे विचारायची नाही," तो म्हणाला. "तुमच्या बाईसाहेबांना सांगा. बायका विचारत नाहीत."

मी ते काकूंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबले.

"घरी ताट तयार असेल तिचं," त्या म्हणाल्या. "मग कशाला विचारेल?"

"मग, काकू? बायको ना?"

"याची बायको होती ती. कॅप्टनची मात्र बहीणच."

२०१७ साली काकू आल्या तेव्हा चेअरमन धक्क्यावर नव्हता. तो हॉस्पिटलात होता आणि तिथून घरी येणार नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही. क्लबच्या आजींनी मला रस्त्यात अडवून निरोप दिला: या वेळी तुमच्या काकूंना 'बायको' म्हणायला सांगा. सूनबाईंनी तेच सांगितलं. मंगेशने तर हात जोडले. "आई, एक शब्द. काय जातं तुझं?"

"पाहू," काकू म्हणाल्या आणि वड्यांचा डबा बांधला.

खोलीत तो उशीला टेकून बसला होता. एवढा उंच माणूस कुठे गेला कोण जाणे. हात पांढरे, कागदासारखे. काकूंनी खुर्ची ओढली, जॅकेट काढून मांडीवर घेतलं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. काकूंकडे पाहून, मोठ्या कष्टाने एकच शब्द म्हणाला.

"वाइफ?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. काकूंनी मांडीवरच्या जॅकेटची घडी घातली.

"सिस्टर."

तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ठसका लागला, आणि नर्स धावत आली. तिने आमच्याकडे रागाने पाहिलं. पाणी पाजलं. तो शांत झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "गेले कित्येक दिवस इथे जो येतो तो माझ्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणतोय. पाद्रीसुद्धा. मला वाटायला लागलं होतं, मी मेलोच."

या वेळी मी एकही शब्द न बदलता भाषांतर केलं.

"सांग त्याला," काकू म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येते. तोवर काही तरी नवा मुद्दा काढून ठेव म्हणावं. अंगठी जुनी झाली."

आणि तो काढून ठेवायचा. एका रविवारी बाईच्या डोक्यावरच्या रुमालाचा मुद्दा निघाला. एका रविवारी कॅप्टनच्या केबिनमधल्या फोटोचा. काकूंनी प्रत्येक मुद्दा खोडला. नर्सेसमध्येही दोन तट पडले होते म्हणे. ज्या दिवशी काकू यायच्या त्या दिवशी तो दाढी करून मागायचा.

काकूंच्या परतीच्या विमानाआधीच्या रविवारी तो बोलू शकत नव्हता. डोळे मिटलेले, श्वास मोठमोठा. आम्ही बसलो. काकूंनी सवयीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मुद्द्याची वाट पाहत. मग म्हणाल्या, "नो रिप्लाय," पण हळू.

थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही बाजू स्वतःच चालवायला घेतल्या. खरं सांगतो, हे इतकं विचित्र होतं की मला हसू आवरेना, आणि हसल्यावर भलतंच काही होईल अशी भीतीही वाटत होती. उजवीकडे वळून "वाइफ" म्हणायच्या आणि त्याचा एखादा जुना मुद्दा मराठीत मांडायच्या. मग डावीकडे वळून "सिस्टर" आणि खोडून काढायच्या. रुमाल झाला, फोटो झाला. मग परत उजवीकडे वळून त्या म्हणाल्या, "वाइफ. काय जेवला म्हणून तिने विचारलं नाही, कारण ती लाइन खासगी नव्हती. सगळं बंदर उभं होतं ऐकत. चार लोकांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही म्हणून ती बरं म्हणाली."

आणि डावीकडे वळल्या, आणि थांबल्या. तोंड उघडं, पंजा अर्धवट वर.

"अरे बाप्पा," त्या म्हणाल्या. "याला हे आधी का नाही सुचलं?"

मी वाकून त्याच्या कानाशी ते सगळं इंग्रजीत सांगितलं. सावकाश, नीट. त्याने ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. श्वास तसाच चालू होता. काकूंनी त्याचं पांघरूण सारखं केलं, डबा उचलला. कॉरिडॉरमध्ये आल्यावर म्हणाल्या, "ऐकलं नसलं तर बरं. नाही तर डोक्यावर बसला असता."

काकू नागपूरला पोचल्या त्याच आठवड्यात तो गेला. मी फोन केला. त्यांनी कोण कोण आलं होतं ते विचारलं, विणकामवाल्या आजी रडल्या का ते विचारलं. सिनेमाचं काही काढलं नाही. मीही नाही.

पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं, आणि मंगेशला दूर कॉर्क शहरात दुसरी नोकरी लागून ते बिऱ्हाडच हललं. खालच्या फ्लॅटमध्ये एक ब्राझिलियन जोडपं आलं. काकूंचा फोन मात्र यायचा. नागपुरात आता त्यांना वाळवंटातल्या कुठल्याशा युद्धपटाचा नाद लागला होता आणि समोरच्या निवृत्त तहसीलदारांशी त्यांचं त्यावरून बिनसलं होतं. त्या मला त्यांचे मुद्दे सांगायच्या आणि मी तहसीलदारांची बाजू घ्यायचो, कारण हो म्हटलं की त्या फोन ठेवत असत.

२०१९ च्या उन्हाळ्यात एका दुपारी, जेवणानंतर, झोपेतच त्या गेल्या. मंगेश कॉर्कहून तसाच विमानतळावर गेला. मला जाता आलं नाही.

ऑक्टोबरात क्लबने काकूंच्या नावाने तो सिनेमा लावला. मंगेशला ऑफिसातून सुटी मिळेना, त्यामुळे आमच्याकडचा असा मी एकटाच होतो. हॉलमध्ये पूर्वीपेक्षा बऱ्याच खुर्च्या कमी मांडल्या होत्या. सिनेमा संपला, दिवे लागले. चर्चा झाली नाही. मी कोट घालून निघणार, तेवढ्यात विणकामवाल्या आजी काठी टेकत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला. इथे कोणाचं माणूस गेलं की लोक ओळीने येतात, घरच्यांचा हात हातात घेतात आणि ठरलेलं एकच वाक्य म्हणतात, "सॉरी फॉर युवर ट्रबल."

"नाही, नाही," मी म्हणालो. "मी मुलगा नाही त्यांचा. वरच्या मजल्यावर राहायचो फक्त."

"हो, हो," आजी म्हणाल्या आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन ते वाक्य म्हणाल्या. त्यांच्यामागे आणखी एक आजी होत्या, त्यांच्यामागे बँकेतले ते गृहस्थ, आणि त्यांच्यामागे भिंतीकडेने दारापर्यंत ओळ लागली होती. पहिल्या दोघा-तिघांना मी सांगून पाहिलं, शेजारी, फक्त शेजारी. ते मान हलवायचे आणि हात पुढे करायचे.

मग मी कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि नीट उभा राहिलो. पुढचा हात आला तो मी धरला आणि "थँक यू" म्हणालो.